जादूच्या नगरीचे कायदे

हिंगोली जिल्ह्यात वसमत, कळमनुरी आणि औंढा नागनाथ या तालुक्यांत अशी काही गावे आहेत, की जेथे अधूनमधून जमिनीच्या पोटातून गडगडाट ऐकू येतो. मांडणीवरची भांडी खडखडतात, पत्रे थरथरतात आणि माणसे अंथरुणातून उठून अंगणात येतात. २०२४ सालच्या मार्च आणि जुलै महिन्यांत तर भूकंपाचे धक्के हिंगोलीबरोबर शेजारच्या नांदेड आणि परभणी जिल्ह्यांतही जाणवले.

अशा रात्री अंगणात बसलेल्या एखाद्या मुलाच्या मनात काय येत असेल? जमिनीखाली एक राक्षस झोपला आहे, आणि त्याने कूस बदलली! ही कल्पना वाईट नाही. उलट एका छान गोष्टीची ती सुरुवात आहे. पण दुसऱ्याच दिवशी कोणी गावात येऊन म्हणाला, "राक्षस जागा झाला आहे, त्याला शांत करायला अमुक इतके रुपये आणि एक बोकड द्या," तर? कल्पना तीच, पण आता ती गोष्ट राहिली नाही. ती फसवणूक झाली.

या दोहोंमध्ये नेमका फरक कोणता? तो समजून घेण्याचा एक मजेदार मार्ग आहे. आपणच एक जादूची नगरी रचू या. ती कोठे वसवायची? येथेच, औंढ्याच्या माळावर. आणि तिच्या आकाशात खरे तारे, खरा सूर्य आणि खरी कृष्णविवरे ठेवू या. मग पाहू, जादू आणि खगोलशास्त्र एका गावात नांदतात की नाही.

एकच परवानगी

गोष्ट लिहायला बसलेला विद्यार्थी पहिली चूक करतो ती ही, की त्याचा जादूगार काहीही करू शकतो. राजपुत्र संकटात सापडला, की जादूगार मंत्र म्हणतो आणि संकट टळते. मग वाचकाला काळजी कशाची वाटणार? जेथे काहीही घडू शकते, तेथे काहीच महत्त्वाचे उरत नाही.

म्हणून आपल्या नगरीचा पहिला कायदा असा: लेखकाने निसर्गाकडे एकच परवानगी मागावी. एक अशक्य गोष्ट शक्य मानावी. मात्र नंतर त्या गोष्टीतून जे जे निघेल ते निमूटपणे स्वीकारावे.

हे कसे करतात ते मराठीत एका मोठ्या शास्त्रज्ञाने दाखवून दिले आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने 'कृष्णविवर' नावाची कथा आली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. हे जगताप कोण? नावाची आद्याक्षरे उलटी वाचा. ज, वि, ना. म्हणजे जयंत विष्णु नारळीकर! आपल्या प्रसिद्ध नावाचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये म्हणून त्यांनी टोपणनाव घेतले होते. डॉ. नारळीकर २०२५ साली निवर्तले, पण त्यांच्या कथा आजही आवडीने वाचल्या जातात.

त्यांची आणखी एक कथा आहे, 'उजव्या सोंडेचा गणपती'. डाव्या सोंडेच्या गणपतीची मूर्ती उजव्या सोंडेची कशी होईल? जादूगार म्हणेल, मंत्राने. नारळीकरांनी मंत्राऐवजी एक पट्टी वापरली. ती पट्टी तुम्हाला घरी करता येते.

ट्रेसिंग पेपरची दोन बोटे रुंद आणि हातभर लांब पट्टी कापा. तिची दोन टोके जोडून नेहमीसारखे कडे करू नका. एका टोकाला अर्धा पीळ द्या आणि मग टोके चिकटवा. ही झाली मोबियस पट्टी. आता पट्टीवर एक छोटा गणपती काढा. त्याचे डोके पट्टीच्या एका कडेकडे असू द्या आणि सोंड डावीकडे वळलेली असू द्या. त्याच्या शेजारी तसाच दुसरा काढा, मग तिसरा. पेन्सिल कडेवरून पलीकडे न नेता असे पुढे पुढे जात राहा. फेरी पूर्ण होताच गंमत होईल. तुम्ही बरोबर पहिल्या गणपतीच्या पाठीमागे याल. तेथे शेवटचा गणपती काढा आणि पट्टीची पहिल्या गणपतीची बाजू आपल्याकडे करून ती उजेडासमोर धरा. कागदातून दिसणारा नवा गणपती डोके खाली केलेला दिसेल. पट्टी तशीच गोल फिरवून त्याचे डोके वर आणा. त्याची सोंड आता उजवीकडे आहे!

कागदात राहणाऱ्या चपट्या प्राण्यांना हा चमत्कारच वाटला असता. आपल्याला मात्र पट्टीचा पीळ दिसतो. आपल्या तीन मितींच्या अवकाशालाही कोठे असा पीळ असेल, तर तेथून फेरी मारून आलेला माणूस आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा होऊन येईल. विश्वात असा पीळ कोठे सापडलेला नाही. तीच आपण मागितलेली एक परवानगी.

आता दुसरा कायदा: प्रत्येक जादूची किंमत मोजावी लागते. आपल्या नगरीतला एक वीर त्या पिळातून जाऊन परत आला. त्याचे हृदय उजवीकडे गेले, तो डावखुरा झाला, त्याला अक्षरे उलटी दिसू लागली. एवढ्यावर भागेल का? नाही. आपल्या शरीरातील प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांच्या रेणूंनाही डावे-उजवे असते. निसर्गात प्रथिनांसाठी बहुतेक सर्वत्र डावी अमिनो आम्लेच वापरली जातात, आणि ग्लुकोजसारख्या शर्करा उजव्या असतात. वीराच्या शरीरात मात्र हे सगळे उलटे झाले. पायातला जोडा उलट पायात बसत नाही, तसे आपले अन्न त्याच्या पाचकरसांना बसणार नाही. समोर भाकरी आणि पिठले वाढलेले असेल, तो पोटभर जेवेल, आणि तरीही उपाशी राहील. त्याला वाचवायचे तर त्याला परत पिळातून पाठवले पाहिजे. पाहा बरे, जीवशास्त्राने आपल्याला एक संपूर्ण कथानक दिले!

सावली खाणारा

आता नगरीच्या आकाशाकडे वळू. समजा, नगरीत अशी दंतकथा आहे की सावल्या खाणारा एक राक्षस दरवर्षी दक्षिणेकडून येतो. तो ज्या दिवशी गावात शिरतो, त्या दिवशी भर दुपारी क्षणभर माणसांच्या, झाडांच्या, खांबांच्या सावल्या नाहीशा होतात. मग तो उत्तरेकडे निघून जातो, आणि पावसाळ्यात त्याच वाटेने परततो.

यासाठी मात्र निसर्गाकडे एकही परवानगी मागावी लागत नाही. हे खरेच घडते! कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या प्रत्येक गावी वर्षातून दोन दिवस सूर्य मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो. सरळ उभ्या खांबाची सावली तेव्हा खांबाच्या पायाखालीच दडते. हा शून्य सावलीचा दिवस. हिंगोली आणि औंढा सुमारे साडेएकोणीस ते पावणेवीस अंश उत्तर अक्षांशावर आहेत. तेथे हा दिवस १८ ते २० मेच्या सुमारास येतो आणि पुन्हा २४ ते २६ जुलैच्या सुमारास. जुलैत ढग आडवे येतात. मे महिन्यात मात्र घड्याळात बारा वाजून अठरा मिनिटांच्या आसपास अंगणात एक सरळ नळी किंवा बाटली उभी ठेवून पाहा.

बारा वाजता का नाही? आपले घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर चालते. हिंगोली त्याच्या सव्वापाच अंशांहून थोडी अधिक पश्चिमेला आहे, आणि पृथ्वीला एक अंश वळायला चार मिनिटे लागतात. म्हणून तेथे मध्यान्ह एकवीस मिनिटे उशिरा व्हायला हवी. मे महिन्यात सूर्य घड्याळाच्या सुमारे साडेतीन मिनिटे पुढे असतो, ती वजा करा.

आपला राक्षस किती वेगाने चालतो हेही काढता येते. मे महिन्याच्या मध्यानंतर सूर्य दररोज सुमारे ०.२२ अंश उत्तरेकडे सरकतो. पृथ्वीवर एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. गुणाकार करा: दिवसाला सुमारे २४ किलोमीटर. पंढरपूरला जाणारी दिंडी दिवसाकाठी चालते साधारण तेवढेच! पुढे राक्षसाची चाल मंदावत जाते. २१ जूनच्या सुमारास तो कर्कवृत्तावर पोचतो, थबकतो आणि मागे वळतो. दिल्लीला तो कधीच जात नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे.

आता गोष्टीला धार येते. आपल्या नगरीच्या राजाचा प्राण समजा त्याच्या सावलीत आहे. त्याने काय करावे? अडाणी राजा मांत्रिक बोलावील. शहाणा राजा खांबाच्या सावलीची नोंद ठेवील, तारीख काढील आणि त्या दिवशी घरात बसेल. फार तर कर्कवृत्तापलीकडे राहायला जाईल. राजाचा शत्रूही हेच गणित करील. दोघांपैकी ज्याचे मोजमाप अचूक, तो जिंकेल. नियम कळल्याने जादू कमी झाली का? मला तर वाटते, ती वाढली.

ब्रह्मदेवाच्या सभेतले गाणे

ककुद्मी राजाची कथा तुम्ही ऐकली असेल. आपली कन्या रेवती हिच्यासाठी वर कोणता, हे विचारायला तो तिला घेऊन ब्रह्मदेवाकडे गेला. सभेत गाणे चालू होते, म्हणून तो थोडा वेळ थांबला. गाणे संपल्यावर ब्रह्मदेव हसून म्हणाले, की एवढ्या वेळात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटून गेली! ही कथा भागवत पुराणात आहे. कल्पना किती भव्य आहे पाहा. एका ठिकाणचा काळ दुसऱ्या ठिकाणच्या काळापेक्षा हळू चालतो.

आईनस्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतानेही हेच सांगितले, की जड वस्तूच्या जितके जवळ, तितका काळ हळू. मग पुराणकारांना सापेक्षता ठाऊक होती असे म्हणायचे का? नाही. ककुद्मीची कथा काळ हळू चालतो असे सांगते. पण कोठे, किती आणि कशामुळे, हे सांगत नाही. ते सांगणे हे कथेचे कामही नव्हे. सिद्धांत मात्र आकडा देतो, आणि आकडा चुकला तर सिद्धांत पडतो. २०१० साली अमेरिकेत शास्त्रज्ञांनी दोन अतिअचूक घड्याळांपैकी एक फक्त ३३ सेंटिमीटर वर उचलून ठेवले. वरचे घड्याळ किंचित जलद चालले, आणि सिद्धांत सांगतो तेवढेच जलद. मोबाइलला रस्ता दाखवणाऱ्या जीपीएस उपग्रहांची घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ही चूक सुधारली नाही, तर एका दिवसात अंतराच्या हिशेबात अकरा किलोमीटरचा घोळ होईल.

आपल्या नगरीत अशी एक सभा बांधायची आहे. जागा अर्थातच कृष्णविवराच्या शेजारी! कृष्णविवर म्हणजे इतके दाटलेले वस्तुमान, की एका ठरावीक अंतराच्या आतून प्रकाशही सुटू शकत नाही. त्या सीमेला शास्त्रज्ञ घटनाक्षितिज म्हणतात. आपण तिला कृष्णविवराची वेस म्हणू. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराची वेस केंद्रापासून तीन किलोमीटरवर असते. पण इतक्या लहान कृष्णविवराजवळ पायांवरची ओढ डोक्यावरच्या ओढीपेक्षा एवढी अधिक असते, की माणूस ताणून तुटेल. म्हणून दहा कोटी सूर्यांएवढे मोठे कृष्णविवर घेऊ. त्याची वेस तीस कोटी किलोमीटरवर येते.

सभेतला काळ दहापट हळू चालायला हवा असेल, तर ती वेशीच्या किती जवळ बांधावी? वेशीच्या अंतराचा शंभरावा भाग बाहेर, म्हणजे तीस लाख किलोमीटर. शंभरपट हळू हवा असेल तर? दहाहजारावा भाग. पाहा, काळ दहापट मंद करायला शंभरपट जवळ जावे लागते. आता ककुद्मीचा हिशेब करू. एक चतुर्युग ४३,२०,००० वर्षांचे, सत्तावीस चतुर्युगे म्हणजे ११,६६,४०,००० वर्षे. गाणे एक तास चालले असे धरले, तर काळ सुमारे एक लाख कोटी पट मंद हवा. त्यासाठी वेशीच्या अंतराला एकावर चोवीस शून्ये इतक्या संख्येने भागावे लागेल. आपल्या अवाढव्य कृष्णविवरासाठीसुद्धा हे अंतर एका अणूच्या व्यासापेक्षा कमी भरते. अशा सभेत जमिनीवर बसलेल्यांचा काळ एक आणि व्यासपीठावरच्या गायकाचा काळ दुसराच होईल.

बरे, मग दहापटीवर समाधान मानू. एक वर्ष आत, दहा वर्षे बाहेर. किंमत किती? वेशीबाहेर तीस लाख किलोमीटरवर सभा स्थिर ठेवायची, तर आतल्या माणसाचे वजन पृथ्वीवरच्या सुमारे दीड लाख पट होईल. चाळीस किलोची मुलगी तेथे साठ लाख किलोंची! ती बसू शकणार नाही, उभी राहू शकणार नाही, तिचा कागदासारखा पापुद्रा होईल.

यातून सुटायची एक वाट आहे. स्थिर राहू नका, प्रदक्षिणा घाला. चंद्र पृथ्वीभोवती फिरतो तसे मुक्तपणे फिरणाऱ्याला वजन जाणवत नाही. पण स्वतःभोवती न फिरणाऱ्या कृष्णविवराजवळ टिकाऊ प्रदक्षिणा वेशीच्या तिप्पट अंतराच्या आत घालता येत नाही, आणि तेथे बाहेरची दहा वर्षे म्हणजे आतली सुमारे सात. केवळ तीन वर्षे वाचली!

'इंटरस्टेलर' या २०१४ सालच्या चित्रपटापुढे हीच अडचण आली होती. त्यात एका ग्रहावरचा एक तास म्हणजे बाहेरची सात वर्षे दाखवायची होती. शास्त्रीय सल्लागार होते किप थॉर्न. त्यांना प्रथम ते अशक्य वाटले. मग त्यांनी गणित केले. कृष्णविवर स्वतःभोवती जवळजवळ कमाल वेगाने फिरत असेल, तर ते जमते असे निघाले. गणिताने परवानगी दिली आणि ग्रह चित्रपटात राहिला.

आकाशाचा कंप ऐकणारा

हेच किप थॉर्न आता आपल्याला औंढ्याच्या माळावर परत आणणार आहेत.

आपल्या नगरीत एक ऋषी राहतो असे समजू. दोन काळे दैत्य कोट्यवधी प्रकाशवर्षांवर एकमेकांभोवती गरगर फिरतात आणि एकमेकांना गिळून एक होतात. त्यांच्या मिठीने सारे अवकाश थरथरते, आणि ती थरथर ऋषीला ऐकू येते. एक परवानगी मागावी लागेल, असे तुम्हाला वाटले? लागत नाही! १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथल्या 'लायगो' या दोन यंत्रांनी अशी थरथर पकडली. सूर्याच्या सुमारे ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर एक झाली होती. ती निघाली तेव्हा पृथ्वीवर एकही प्राणी जन्माला आलेला नव्हता. नवे कृष्णविवर ६२ सूर्यांएवढे झाले. उरलेल्या तीन सूर्यांएवढ्या वस्तुमानाचे काय झाले? त्याची गुरुत्वीय लहरींच्या रूपाने ऊर्जा झाली. या कामाबद्दल थॉर्न, रेनर वाइस आणि बॅरी बॅरिश यांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

तिसरा कायदा येथे कामास येतो: वर्णन करण्यापूर्वी गुणाकार करा. गोष्टीत आपण लिहू, की लहर आली आणि राजवाडे कोसळले. खरेच कोसळतील? ती लहर आपल्यापर्यंत पोचली तेव्हा चार किलोमीटर लांबीत जो फरक पडला, तो हायड्रोजनच्या केंद्रकाच्या व्यासाचा सुमारे चारशेवा भाग होता! समजा, तीच घटना सूर्याइतक्या अंतरावर झाली. अंतर ८२ लाख कोटी पट कमी झाले, म्हणून लहर तितक्याच पट प्रबळ होईल. तरीही तुमच्या उंचीत पडणारा फरक केसाच्या जाडीच्या सुमारे पाचशेव्या भागाएवढाच. राजवाडा पडत नाही, दिवाणखान्यातले झुंबरही हलत नाही. म्हणून ऋषीचे मोठेपण लहरीच्या जोरात नाही. त्याच्या कानाच्या नाजूकपणात आहे.

तो कान कसा असतो? इंग्रजी 'एल' अक्षरासारख्या काटकोनात चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या असतात. लेसरचा एक किरण दुभागून दोन्हींकडे पाठवतात. टोकांचे आरसे त्यांना परत पाठवतात आणि दोन्ही किरण पुन्हा एकत्र येतात. लहर आली की एक बाजू किंचित लांबते, दुसरी आखडते, आणि परतलेल्या किरणांचा मेळ बिघडतो. असा कान भारतातही उभा राहतो आहे आणि त्याची जागा आहे औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा गावाजवळ. केंद्रीय मंत्रिमंडळाने 'लायगो-इंडिया'ला २०१६ साली तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मान्यता दिली. ते २०३० पर्यंत पूर्ण करण्याचे उद्दिष्ट तेव्हा ठरले.

पण जी जमीन स्वतःच अधूनमधून गडगडते, तेथे हा कान आकाशाचे कसे ऐकणार? मालमोटार गेली तरी जमीन हलते, दूरच्या समुद्राच्या लाटांनीही हलते. एक उपाय म्हणजे आरसे टांगून ठेवायचे, म्हणजे जमिनीची हालचाल त्यांच्यापर्यंत फारशी पोचत नाही. दुसरा उपाय अधिक महत्त्वाचा आहे: एका कानावर कधीच विश्वास ठेवायचा नाही. औंढ्याचा गडगडाट हॅनफर्डला ऐकू जात नाही. आकाशाची लहर मात्र साऱ्या पृथ्वीतून जाते. २०१५ ची लहर दोन ठिकाणी सुमारे सात सहस्रांश सेकंदांच्या अंतराने पोचली. एवढ्या दूरच्या दोन यंत्रांनी प्रकाशवेगाच्या हिशेबात एकच आकार नोंदवला, तरच ती लहर. वेळेतल्या या फरकांवरूनच लहर आकाशाच्या कोणत्या भागातून आली तेही काढतात. म्हणूनच भारतातल्या दूरच्या कानाची सगळ्यांना गरज आहे. गोंगाटातून अशा लहरींचे आकार वेचून काढण्याच्या पद्धतीवर पुण्याच्या आयुका संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पायाभूत काम केलेले आहे.

यापुढची हकीकत मला सर्वांत आवडते. सप्टेंबर २०१० मध्ये यंत्रांत एक सुंदर लहर नोंदली गेली. शेकडो शास्त्रज्ञांनी सहा महिने खपून तिची तपासणी केली, शोधनिबंधही लिहून तयार ठेवला. मार्च २०११ मध्ये एक बंद पाकीट उघडण्यात आले. त्यात लिहिले होते, की ही लहर खोटी आहे. ती मोजक्या लोकांनी मुद्दाम गुपचूप घातलेली होती! असे होऊ शकते याची सर्वांना कल्पना होती आणि सर्वांनी त्याला आधीच संमती दिलेली होती. खरी लहर आली तर आपण तिला ओळखू का, आपली तपासणी पक्की आहे का, हे त्यांना पाहायचे होते.

पाकीट कोण उघडतो?

सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता हाती आले आहे. गोष्ट सांगणारा आधीच सांगतो, की ही गोष्ट आहे. तो पाकीट उघडे ठेवतो. शास्त्रज्ञ पाकीट बंद ठेवतो, पण ते उघडण्याची तारीख ठरवून आणि स्वतःलाच पकडण्यासाठी. भोंदू मात्र पाकीट कधीच उघडू देत नाही. त्याला कोणी तपासायला गेले, की त्याचे नियम बदलतात: तुमची श्रद्धा कमी पडली, वेळ चुकली, बोकड काळा नव्हता. अशा लोकांना आळा घालण्यासाठी महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदाही झाला. पण प्रत्येक अंगणात पोलीस कोठून येणार? तेथे प्रश्न विचारणारे तुम्हीच असाल.

आता तुमची नगरी तुम्ही रचा. वहीत या पाच प्रश्नांची उत्तरे आधी लिहा:

१. तुमच्या जगात निसर्गाचा कोणता एकच नियम मोडतो?
२. तो मोडल्यामुळे आणखी काय काय बदलेल? निदान तीन परिणाम लिहा.
३. ही जादू करणाऱ्याला काय गमवावे लागते?
४. तुमच्या नगरीचा अक्षांश किती? तेथे सूर्य कधी डोक्यावर येतो?
५. जादू खोटी ठरवायची असेल तर नगरीतला एखादा विद्यार्थी कोणता प्रयोग करील?

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. वर्गाचे दोन गट करावेत. एका गटाने नगरी रचावी, दुसऱ्याने तिच्यातल्या विसंगती शोधाव्यात, आणि नंतर अदलाबदल करावी. भाषेचा आणि विज्ञानाचा असे दोन्ही तास सत्कारणी लागतील.

आणि पुन्हा कधी रात्री जमीन गडगडली, तर सर्वांसह मोकळ्या जागेत या, घड्याळ पाहा आणि वेळ लिहून ठेवा. शेजारच्या गावातल्या मित्रालाही त्याची वेळ विचारा. दुसऱ्या दिवशी भूकंपमापन केंद्राची नोंद वर्तमानपत्रात आली, तर ताडून पाहा. राक्षसाची गोष्ट मात्र धाकट्या भावंडांना जरूर सांगा. सांगताना एवढेच म्हणा, की ही गोष्ट आहे हं. खरे काय ते उद्या वेळा जुळवून पाहू.